फ्रीडरिशच्या सेपिया चित्रांतलं आकाश कसं साधतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशची सेपियातली (तपकिरी शाईतली) निसर्गचित्रं पाहून तुम्ही तशी शाईची चित्रं करायला घेतलीत. त्यासाठी 'सेपिया' लिहिलेली ड्रॉइंग इंकची बाटली आणली. आकाशात छटा एकसारखी उतरत नाही, पट्टे आणि डाग पडतात. शेवटी पांढऱ्या रंगाने काढलेला चंद्र टिकली चिकटवल्यासारखा दिसतो. तर फ्रीडरिश आणि त्याच्या काळची मंडळी नेमकी कोणती शाई वापरत होती?

शाईकडे येतेच, पण आधी चंद्र. फ्रीडरिशने चंद्र रंगवलेलाच नाही. तिथे नुसता कागद आहे. सगळं चित्र त्याच्याभोवती गडद होत गेलंय आणि तेवढा गोल तसाच राखलाय. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात. चित्रातला उजेड कागदातून येणार असेल, तर कागदावर चढणारी प्रत्येक गोष्ट इतकी पातळ हवी की खालचा कागद दिसत राहील. शाई, ब्रश, पाणी, कागदाची खळ (पाणी लगेच आत शिरू नये म्हणून दिलेला लेप), सगळ्याची निवड याच एका गरजेतून झालेली आहे.

आता 'सेपिया' या शब्दाचा घोळ. तुमच्या बाटलीवर जे लिहिलंय ते रंगछटेचं नाव आहे, द्रव्याचं नाही. आजच्या बाटल्यांत बहुतेक वेळा एखादा रंजक (पाण्यात विरघळणारा रंग) तरी असतो किंवा काळं आणि तपकिरी रंगद्रव्य मिसळलेलं असतं. शिवाय वॉटरप्रूफ शाई असेल तर तिच्यात बरेचदा लाख असते, सुतार पॉलिशला वापरतात त्या चपड्याचीच जात. लाखेची शाई वाळली की पुन्हा विरघळत नाही. म्हणजे वॉशची, पाण्यात पातळ केलेल्या शाईच्या सपाट थराची, कड एकदा वाळली की वाळली, ओल्या ब्रशने ती मऊ करता येत नाही. तुमच्या आकाशातले पट्टे मला तरी तिथूनच आलेले दिसतात. रंजकाची शाई असेल तर दुखणं वेगळं. ती कागदाच्या तंतूंत शिरते आणि जिथे खळ कमी असेल तिथे कागद ती जास्त पितो. ते तुमचे डाग.

मूळ सेपिया म्हणजे समुद्रातल्या सेपिया ऑफिसिनॅलिस या प्राण्याच्या पिशवीतली शाई. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर माकूल म्हणतात त्याच कुळातला हा जीव. याच्या पाठीतलं पांढरं हाड आयुर्वेदाच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं. शाईतलं रंगद्रव्य मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांत असतं त्याच घराण्यातलं. त्याचे कण अतिशय बारीक आणि गोलसर असतात, आणि कलेच्या दृष्टीने खरी गंमत तिथेच आहे. पाण्यात ते कितीही पातळ केले तरी छटा फाटत नाही, एकसारखी पसरते. गडद केलं तर जवळजवळ काळं, पातळ केलं तर थंड, किंचित राखाडीकडे झुकणारं तपकिरी. पहाटेचं धुकं काढायला याहून सोयीचं द्रव्य मला तरी माहीत नाही.

पण हे द्रव्य चित्रकारांच्या हातात सहज येत नव्हतं. १८ व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या याकोब क्रेसेंत्स झायडेलमानने ही शाई दाट आणि शुद्ध स्वरूपात तयार करण्याची रीत बसवली आणि तिच्यात मोठमोठी चित्रं करून ती लोकप्रिय केली. पुढे रंगांच्या पुस्तकांत जी रीत येते ती साधारण अशी: पिशव्या वाळवायच्या, कुटायच्या, क्षारात उकळून द्रव गाळायचा, आम्ल घालून रंग खाली बसवायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा आणि डिंकात घोटून वड्या पाडायच्या. ड्रेस्डेनमध्येच आड्रियान त्सिंग हा स्विस चित्रकार १७६६ पासून होता. आसपासच्या खडकाळ डोंगरांची मोठी तपकिरी निसर्गचित्रं तो करायचा, आणि शहरात त्याच्या हाताखाली शिकलेले बरेच जण होते. १७९८ मध्ये कोपनहेगनच्या अकादमीतलं शिक्षण संपवून फ्रीडरिश ड्रेस्डेनला राहायला आला, तेव्हा सेपिया ही तिथली चालू भाषाच होती. त्याने ती शोधली नाही. तिच्यातला बडेजाव मात्र त्याने काढून टाकला.

सेपियाच्या आधी, आणि तिच्याबरोबरही, आणखी दोन तपकिरी शाया चालत होत्या. एक बिस्टर. लाकडाच्या, विशेषतः बीच झाडाच्या लाकडाच्या धुराची चकाकणारी काजळी पाण्यात उकळून गाळली की बिस्टर होते. ती उबदार, पिवळसर तपकिरी. तिच्यातला डांबरट अंश पाण्यात विरघळून कागदात मुरतो, म्हणून ती उसळत्या हातासाठी चांगली आणि सावकाश थर चढवणाऱ्यासाठी त्रासाची. दुसरी लोहशाई: ओक झाडावर कीटकामुळे येणाऱ्या गाठी, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक. या गाठी आपल्याला अनोळखी नाहीत. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ हेच. युरोपात सगळ्यांत नावाजलेल्या गाठी अलेप्पोच्या, आणि आपल्या गांध्याकडचं मायफळही त्याच जातीच्या ओकचं. लोहशाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि पुढे कित्येक वर्षांनी तपकिरी पडते. त्यामुळे आज संग्रहालयात तपकिरी दिसणारी रेघ चित्रकाराने काळी म्हणूनही काढलेली असू शकते. तिचा दुसरा गुण वाईट आहे. हिराकस प्रमाणाबाहेर गेला तर आम्ल वाढतं आणि रेघेखालचा कागद जळाल्यासारखा ठिसूळ होतो. काही जुन्या चित्रांत झाडाची फांदी होती तिथे आता फांदीच्या आकाराची चीर आहे.

नुसत्या डोळ्यांनी या तिघी ओळखणं फार अवघड, आणि चित्रकार त्या एकमेकींत मिसळतही. म्हणून बरीच संग्रहालयं हल्ली पाटीवर सरळ 'तपकिरी शाई' लिहून मोकळी होतात. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

फ्रीडरिशकडे परत येऊ. १८०५ मध्ये त्याने जर्मन कवी गटेच्या वायमार शहरातल्या चित्रस्पर्धेला सेपियातली दोन चित्रं पाठवली. त्या वर्षीचा विषय होता हर्क्युलीसचे पराक्रम. याने पाठवली पहाटेची यात्रा आणि वठलेल्या ओकचं उन्हाळी निसर्गचित्र. विषयाशी काडीचा संबंध नसताना अर्धं बक्षीस त्याला मिळालं. दोन्ही चित्रं आजही वायमारला आहेत. त्याच सुमाराचं अर्कोनाचं चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. जर्मनीतल्या र्‍यूगेन बेटाचं उत्तर टोक, समुद्र आणि उगवता चंद्र. आकार जवळजवळ ६१ × १०० सेंटिमीटर. पुस्तकात ते तळहाताएवढं छापलेलं असतं, म्हणून त्याची जिद्द कळत नाही. एक मीटर रुंद कागदावर, एका रंगात, एकही पट्टा न पडू देता आकाश उतरवायचं! ज्याने कधी अर्ध्या शीटवर वॉश दिलाय त्याला हे वाचून पोटात गोळा येईल. तोवर त्याने तैलरंगाला जवळजवळ हात लावलेला नव्हता, तो वळला १८०७ च्या सुमाराला. आणि १८३५ मध्ये पक्षाघाताने हात कमजोर झाल्यावर तो मुख्यतः पुन्हा कागद आणि सेपियाकडेच आला.

त्याच्या कामाची रीत चित्रांवरूनच बरीच वाचता येते. आधी कठीण, टोकदार पेन्सिलीने हलकी बाह्यरेषा. झाडं, खडक, नावा हे सगळं बाहेर बसून केलेल्या स्केचवह्यांतून उचललेलं, कधी वर्षांनंतर, आणि पानापानाच्या तपशिलासह. मग सेपियाचे पातळ थर, उजळाकडून गडदाकडे. गरज असेल तिथेच पेनाची रेघ. पेनाने काढून आत छटा भरायची त्सिंगची पद्धत, म्हणजे प्रत्येक पानाला कुंपण घालायचं, फ्रीडरिशने जवळजवळ सोडली. १८०५-०६ ची त्याच्या खोलीतल्या दोन खिडक्यांची चित्रं (व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर संग्रहालयात आहेत) बघा. भिंतीची सावली आणि बाहेरचा एल्बे नदीवरचा उजेड यांच्यामध्ये रेघ कुठे संपते आणि छटा कुठे सुरू होते ते सापडत नाही. त्याचा चित्रकार मित्र केर्स्टिंग याने काढलेल्या चित्रांत हीच खोली दिसते: खिडकीचा खालचा भाग फळ्यांनी बंद, उजेड फक्त वरून, भिंतीवर पॅलेट, पट्टी आणि गुण्या टांगलेले, बाकी काही नाही. उजेड वरूनच घेण्यात वेडेपणा काही नव्हता. खालून, नदीवरून उसळून येणारा उजेड ओल्या कागदावर चमकतो आणि छटेचा अंदाज पार चुकवतो. मी स्वतः खिडकीला अर्ध्यावर पुठ्ठा लावून काम करते.

कागद. तुम्ही प्रश्नात कागदाचं नावही घेतलं नाहीत, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथे आहे. त्या काळचा चांगला कागद चिंध्यांपासून, म्हणजे लिननच्या आणि सुती कापडाच्या लगद्यापासून व्हायचा. जुन्या साच्यांत तारांच्या समांतर रेघा कागदात उमटत आणि पातळ वॉश त्या रेघांत साचून पट्टे पडत. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात जेम्स व्हॉटमनने १७५० च्या दशकात विणलेल्या जाळीच्या साच्यावर गुळगुळीत कागद काढला, आणि पुढे तसे कागद सगळीकडे होऊ लागले. सपाट आकाशाची शक्यता खरं तर तिथे तयार झाली. दुसरी गोष्ट खळ. हे कागद तयार झाल्यावर सरसाच्या पातळ पाण्यात बुडवून वाळवत. सरस असला की पाणी लगेच आत जात नाही, काही क्षण वर तरंगतं, आणि तेवढ्या क्षणांत छटा पसरवायची असते. आज तुम्ही १०० टक्के सुती, ३०० ग्रॅमचा, हॉट प्रेस (गुळगुळीत) आणि सरस दिलेला कागद घ्या. महाग आहे. पण साध्या कार्ट्रिज कागदावर हे आकाश येणार नाही, उगाच स्वतःला दोष देत बसाल. कागद भिजवून, चारही कडांना डिंकाची पट्टी लावून बोर्डावर ताणून घ्या आणि रात्रभर वाळू द्या.

आता आकाश. तीन बश्या घ्या. पहिलीत शाई इतकी पातळ की ओली असताना कागदावर दिसतच नाही. वाळल्यावर जेमतेम भास व्हावा. दुसरीत तिच्या दुप्पट, तिसरीत त्याहून थोडी गडद. तिसरीला पहिल्या दिवशी हात लावायचा नाही. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर बोर्ड उलटा धरा, म्हणजे क्षितिज वर आणि आकाशाचा माथा खाली. बोर्डाला थोडासाच उतार. क्षितिजापाशी स्वच्छ पाण्याने सुरुवात करून, आडव्या ओढींत, मोठ्या मऊ ब्रशने खाली येत हळूहळू शाई वाढवत न्या. ओघळ नेहमी ब्रशच्या पुढे राहिला पाहिजे. शेवटी खालच्या कडेला साचलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. मग उठा आणि दुसरं काम करा.

पुढचा थर कधी? हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत अजून ओल आहे. हेअर ड्रायरचा मोह मलाही झाला होता. सुरुवातीच्या दिवसांत, जुलैतल्या मुंबईत, एक थर वाळायला अर्धा दिवस लागायचा. कंटाळून गरम हवा मारली. कागद एका बाजूने आखडला, मध्ये खळगा झाला, पुढच्या थराचं पाणी तिथे साचलं आणि फुलकोबीच्या कडेसारखा डाग उठला. आठ थर गेले. तेव्हापासून पावसाळ्यात मी दिवसाला दोनच थर देते.

किती थर? माझ्या हाताला बरं आकाश दहा-बारा थरांत येतं. प्रत्येक थराची सुरुवात आधीच्या जागेपासून बोटभर पुढे-मागे करा, नाही तर सगळ्या कडा एकावर एक बसून पायरी दिसते. आणि खऱ्या सेपियात डिंक असतो, त्यामुळे खालचा थर पूर्ण मरत नाही. घासलात तर उचलला जातो, पण हलक्या हाताने ओली कड मऊही करता येते. लाखेच्या शाईत ही सवलत नाही. एवढं करूनही ठिपके राहतातच. ते बारीक टोकाच्या ब्रशने, जवळजवळ कोरड्या, उजळ ठिपक्यात तेवढीच छटा टेकवत भरायचे. आपल्याकडच्या लघुचित्रांतलं परदाज (बारीक ठिपक्या-रेघांनी छटा भरणं) ज्यांनी केलंय त्यांना हे नव्याने शिकवायला नको.

पेनाबद्दल थोडक्यात. तेव्हाचं मुख्य पेन हंसजातीच्या पक्ष्याच्या पिसाचं. उजव्या हाताने काढणारा डाव्या पंखाचं पीस पसंत करायचा, कारण त्याचा बाक हातापासून बाहेर जातो. पीस गरम वाळूत शेकून कडक करत, मग चाकूने तासत. पोलादी निबं इंग्लंडात १८२० च्या दशकानंतर स्वस्त झाली. पिसाची रेघ मऊ, दाबागणिक फुगणारी. पोलादाची कोरडी. जाड, तुटक रेघ हवी असेल तर आपला बोरू आहेच, बोरूचंच भावंड तिकडे रीड पेन म्हणून चालायचं. रोमजवळच्या ओलेव्हानोत जमणारी जर्मन तरुण मंडळी, उदाहरणार्थ श्नोर फॉन कारोल्सफेल्ड, उलट पेनावरच भिस्त ठेवून डोंगरच्या डोंगर बारीक रेघांत काढत. ते वेगळं घराणं, तुमच्या प्रश्नात बसत नाही.

पण एक उलटं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडचा सॅम्युएल पामर. १८२५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने सेपियात सहा छोटी निसर्गचित्रं केली. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात ती आहेत. कणसांनी भरलेली दरी, पहाट, मावळतीनंतरचा संधिप्रकाश. फ्रीडरिश कागद मोकळा सोडतो, पामर जवळजवळ इंचन् इंच भरतो: जाड बाह्यरेषा, ठिपके, आडव्या-उभ्या रेघा, पानांचे गठ्ठे. तरी चित्र आतून पेटल्यासारखं दिसतं. कारण डिंक. त्याने सेपियात भरपूर बाभूळवर्गी डिंक घातला आणि वरून व्हार्निशही दिलं. डिंकाने गडद भागाला खोली येते. नुसती शाई वाळली की काळोख मातकट दिसतो, डिंक असला तर ओल्या खडकासारखा. काळाबरोबर हे थर पिवळसर झाले आहेत आणि आज दिसणारी मधाची झाक त्यात मिसळलेली आहे. तिची नक्कल करायला जाऊ नका. शोरहॅम गावातल्या त्याच्या त्या दिवसांतलं बरंचसं काम त्याच्या मुलाने १९०९ मध्ये जाळून टाकलं, हे मला अजूनही गिळवत नाही.

तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं इतकंच: आकाशाला डिंक कमी, पुढच्या खडकांना आणि झाडांना दोन थेंब जास्त. पण बेतानेच, डिंक फार झाला तर वाळल्यावर तडकतो.

डागांची भीती वाटत असेल तर इंग्लंडचा निसर्गचित्रकार अलेक्झांडर कोझेन्स आठवा. त्याने १७८० च्या दशकात चुरगळलेल्या कागदावर शाईचे फराटे मारायचे, मग पारदर्शक कागद ठेवून त्यातून डोंगर-झाडं शोधायची, अशी शिकवण्याची पद्धतच छापली. फ्रेंच कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो तर शाईत कॉफी आणि काजळी ओतायचा, जाळीदार कापडाचे ठसे उमटवायचा. मला त्याची चित्रं आवडतात, पण त्याच्याकडून तंत्र शिकायला पाठवणार नाही.

मग आज काय वापरावं? सोपा रस्ता म्हणजे चांगल्या प्रतीच्या जलरंगातला सेपिया ट्यूबमधून घ्या. तो बहुधा कार्बन काळा आणि लोहाचा तपकिरी यांचं मिश्रण असतो, खरा सेपिया नव्हे. पण डिंकात बांधलेला आहे, पुन्हा ओला होतो आणि उजेडाला खऱ्या सेपियाहून जास्त टिकतो. काही तपकिरी मिश्रणं दाणेदार बसतात, आधी तुकड्यावर तपासा. अक्रोड शाई म्हणून मिळणारे स्फटिक बिस्टरच्या जवळ जातात. नावात अक्रोड असलं तरी बहुतेक वेळा ते कुजलेल्या वनस्पतींच्या मातीपासून केलेले असतात. सरावाला उत्तम, आकाशाला नाही, कारण तेही कागदात मुरतात.

हौस म्हणून खरी सेपिया करायची तर मासळीबाजारात माकूल साफ करणाऱ्या मावशींना शाईची पिशवी न फोडता काढून द्यायला सांगा. चपटं, आत हाड असलेलं माकूल हवं. लांबट नळीसारख्यात शाई कमी असते. पिशवी सावलीत कडक वाळवा, खलात बारीक करा, पाण्यात ढवळून बसू द्या, वरचं पाणी ओता, असं पाच-सहा वेळा. शेवटचा गाळ डिंकाचं पाणी, थेंबभर मध आणि बुरशी लागू नये म्हणून एक थेंब लवंगेचं तेल घालून काचेवर घोटा. घरातल्यांना आधी कल्पना द्या, वास दोन दिवस जात नाही. मायफळाची शाई करणं त्याहून सोपं. जुन्या कृतींत साधारण तीन भाग मायफळ, दोन भाग हिराकस, एक भाग डिंक असं प्रमाण दिसतं. ती पेनाच्या रेघेला ठेवा, वॉशला नको, आणि ज्या चित्राचा तुम्हाला लळा लागेल त्यात तर नकोच. पाणी कुठल्याही शाईला शुद्ध घ्या. बोअरच्या जड पाण्यात बारीक कण गोळा होतात आणि छटा दाणेदार बसते.

राहिला चंद्र. पेन्सिलीने वर्तुळ काढू नका, ती रेघ थरांखाली अडकते आणि पुसता येत नाही. मास्किंगचं रबरही (रंग लागू नये म्हणून लावायचं द्रव रबर) नको, त्याची कड कापल्यासारखी येते. पहिल्या दोन-तीन थरांत चंद्राच्या जागी स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवून छटा त्याच्यावरून जाऊ द्या, म्हणजे त्याच्याभोवती आपोआप खळं तयार होतं. चौथ्या थरापासून ओघळ त्याच्या कडेपर्यंत आणून थांबवा, दर वेळी केसभर वेगळ्या जागी. कड किंचित थरथरती राहील, ती तशीच हवी. पार शेवटी, सगळं वाळल्यावर, चंद्र अजून मळकट वाटला तर धारदार पात्याने, कागद न फाडता, मधला भाग एकदाच हलका खरवडा.